बोर्डिंगातून काढलेला मुलगा

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत यंदा कुणाचं चरित्र द्यावं, यावर समितीच्या बैठकीत बरीच चर्चा झाली. बाबासाहेब, माता रमाई, महात्मा फुले, शाहू महाराज यांच्यावर आपल्याकडे दरवर्षी लेख येतात, ते यायलाच हवेत. आम्ही कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव सुचवलं तेव्हा एका तरुण कार्यकर्त्यानं तोंडावरच विचारलं की ते तर जैन घराण्यातले, शिवाय गांधीजींना मानणारे, मग आपल्या स्मरणिकेत त्यांचं काय काम? प्रश्न रास्त होता. त्याला बैठकीत धड उत्तर देता आलं नाही, चहा आला आणि विषय बदलला. म्हणून ते उत्तर इथे लिहून देत आहोत.

कर्मवीर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो शाळेच्या ऑफिसात टांगलेला फोटो. पांढरी दाढी, खादीचे कपडे, करारी चेहरा. आम्हाला त्या फोटोतल्या वयस्कर माणसाबद्दल थोडं आणि कोल्हापूरच्या एका बोर्डिंगात राहणाऱ्या दांडगट पोराबद्दल जास्त सांगायचं आहे. कारण पुढे जे काही उभं राहिलं त्याचं मूळ त्या पोराच्या हट्टात आहे, असं आमचं मत आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज या गावी, आजोळी झाला. हे गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यात येतं. याच तालुक्यातल्या माणगावला मार्च १९२० मध्ये शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मांडवात बसले, ती परिषद आपल्या घराघरात पाठ आहे. म्हणजे मुलूख आपल्या ओळखीचाच. वडील पायगोंडा पाटील, आई गंगाबाई. घराणं दिगंबर जैनांचं, शेती करणारं, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात कारकून होते. कारकुनाची नोकरी म्हणजे बदल्या आल्याच. त्यामुळे मुलाची शाळा एका गावी कधी टिकली नाही. दहिवडी, विटे असं करत करत तो शिकला. शिकला म्हणजे काय, शाळेत जात होता असं म्हणू या. त्याचा जीव रमायचा तो तालमीत, पोहण्यात आणि दंगामस्तीत.

त्याच्या लहानपणी कुंभोजच्या बाजूला सत्याप्पा नावाचा एक फरारी बंडखोर होता. सरकारदरबारी तो गुन्हेगार, पण गोरगरिबांना आधार देणारा म्हणून लोकांत त्याचं नाव. लहानग्या भाऊवर त्याचा फार जीव होता असं चरित्रकार सांगतात. आता कारकुनाच्या मुलानं फराऱ्याच्या संगतीत असावं हे काही बरं नव्हे, आपल्यापैकी कुणा आईबापाला ते चाललं नसतं. पण कायदा सांगतो ते एक आणि माणसाला दिसतं ते दुसरं, ही गोष्ट त्या पोराला फार लवकर कळली असावी.

विट्याची गोष्ट त्याच वयातली. गावच्या विहिरीवर आपल्या समाजाच्या माणसांना पाणी शेंदू देत नसत. तहानलेली माणसं घागरी घेऊन उभी राहायची, वरच्या कुणाला दया आली तर वरून ओतणार, नाही आली तर उभंच राहायचं. आपल्या घरातल्या जुन्या बायकांना हे समजावून सांगायची गरज नाही. त्यांच्या आज्यांनी ते सगळं भोगलेलं आहे. भाऊनं ते पाहिलं. तो कुणाशी वाद घालत बसला नाही, कुणाकडे तक्रार केली नाही. त्यानं विहिरीचा रहाट मोडला आणि विहिरीत फेकून दिला. यांना पाणी नाही तर कुणालाच नाही, असा तो रोखठोक हिशेब.

यावर कुणी म्हणेल की त्यानं काय साधलं? रहाट दुसऱ्या दिवशी नवा बसला असेल, आणि पाणी मिळायचं त्यांना मिळालंही नसेल. खरं आहे. चवदार तळ्याला अजून पुष्कळ वर्षं अवकाश होता. पोराच्या रागानं व्यवस्था बदलत नाही. पण ज्याला स्वतःला पाणी मिळत होतं त्याला राग आला, ही गोष्ट त्या काळात साधी नव्हती.

पुढच्या शिक्षणासाठी त्याला कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात घातलं आणि राहायला दिगंबर जैन बोर्डिंगात ठेवलं. इथे बोर्डिंग ही काय चीज होती ते थोडं सांगायला हवं, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल. खेड्यातल्या मुलाला शिकायचं तर शहरात यावं लागे, आणि शहरात आल्यावर राहायचं कुठे, जेवायचं कुठे हा प्रश्न असे. हॉटेलं नव्हती, असली तरी परवडणारी नव्हती आणि जात विचारल्याशिवाय कुणी ओट्यावर उभं करत नसे. शाहू महाराजांनी हा पेच नेमका ओळखला. आधी सगळ्या जातींचं एकच वसतिगृह करून पाहावं असा त्यांचा विचार होता, पण त्या काळात ते चाललं नाही. मग त्यांनी प्रत्येक समाजाला जागा दिल्या, पैसा दिला, आणि मराठ्यांचं एक, जैनांचं एक, लिंगायतांचं एक, मुसलमानांचं एक अशी बोर्डिंगं कोल्हापुरात उभी राहिली. त्यांच्यामुळे हजारो पोरं शिकली. मात्र प्रत्येक बोर्डिंगाची चूल वेगळी, पंगत वेगळी आणि पंगतीचे नियम त्या त्या जातीचे. पोरगं शिकायला शहरात आलं तरी गावाकडची वेस त्याच्या ताटाभोवती तशीच असायची.

जैन बोर्डिंगाची व्यवस्था प्राध्यापक अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे हे काही ऐरेगैरे गृहस्थ नव्हते. मोठे विद्वान, समाजसुधारणेची कळकळ असलेले, जैन समाजात शिक्षण पसरवणारे. पुढे त्यांनी शाहू महाराजांचं इंग्रजीत चरित्र लिहिलं, मुंबई इलाख्याचे अर्थमंत्रीही झाले. अशा माणसाच्या हाताखाली भाऊराव राहत होते. पण विद्वानाच्या हाताखाली राहून विद्या येतेच असं नाही, हे आपण आपल्या घरातही पाहतो.

भाऊचा अभ्यास यथातथाच. शरीर मात्र कमावलेलं, उंची भरपूर, कुस्तीचा नाद, पोहण्यात पटाईत. शाहू महाराज स्वतः कुस्तीचे दर्दी, त्यामुळे असला गडी त्यांच्या नजरेत भरला नसता तरच नवल. गणिताशी मात्र भाऊचं जमेना. त्याची एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. परीक्षेत भाऊ नापास झाला तेव्हा त्याला वरच्या वर्गात घालावं म्हणून खुद्द महाराजांनी शब्द टाकला. गणिताचे मास्तर होते भार्गवराम कुलकर्णी. ते काही डगमगले नाहीत. त्यांनी सांगून टाकलं की एकवेळ भाऊराव ज्या बाकावर बसतो तो बाक वरच्या वर्गात नेऊन ठेवीन, पण भाऊरावाला नेणार नाही. छत्रपतींच्या संस्थानात छत्रपतींना असं सांगणारा मास्तर, आणि ते ऐकून घेणारे छत्रपती! आम्हाला तर या गोष्टीतले तिघेही आवडतात. भाऊरावांची मजल इंग्रजी सहावीच्या पुढे गेली नाही. ज्यांची पोरं यंदा गणितात अडकली आहेत त्यांनी हे वाक्य पोरांना मुद्दाम वाचून दाखवायला हरकत नाही, फक्त पुढचा लेखही वाचून दाखवावा.

आता मुख्य गोष्ट.

१९०८ साली कोल्हापुरात आपल्या मुलांसाठी बोर्डिंग निघालं. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या मुलीच्या नावावरून त्याचं नाव मिस क्लार्क बोर्डिंग ठेवलं. बाकीच्या जातींची बोर्डिंगं आधी निघाली आणि आपलं मागून, हे खरं. पण निघालं, आणि त्यात राहून आपली पहिली पिढी पाटी घेऊन शाळेत जाऊ लागली. त्या बोर्डिंगाच्या उद्घाटनाचा समारंभ होता. गावातली मोठी मंडळी होती. जैन बोर्डिंगातला भाऊ पाटील तिथे गेला, सगळ्यांत मिसळून बसला, समारंभ आटोपल्यावर आपल्या बोर्डिंगात परत आला.

दारात त्याला अडवलं. विटाळ झाला आहे, आधी आंघोळ कर आणि मगच आत जेवायला ये, असा हुकूम झाला. भाऊ म्हणाला, आंघोळ करणार नाही.

वाचकहो, इथे जरा थांबावं असं आम्हाला वाटतं. कारण ही गोष्ट सांगताना भाषणांतून ती एका वाक्यात उरकतात, आणि मग एवढंसं तर झालं असं वाटून जातं. नीट विचार करा. मुलगा विशीतला. घरापासून दूर. खिशात पैसा नाही, परीक्षेत यश नाही, वडील कारकून. डोक्यावर छप्पर आणि पोटाला दोन वेळचं जेवण या बोर्डिंगामुळेच. आणि मागितलं काय होतं? दोन तांबे पाणी अंगावर घेणं. पैलवान गडी तो, रोज तालमीतून आल्यावर आंघोळ करतच असणार. त्या दिवशीही कुणी न सांगता त्यानं केली असती. नुसतं अंग ओलं करून आत गेला असता तर कुणाचंच काही बिघडलं नसतं, असं त्याला चार मित्रांनी समजावलंही असेल. पण ती आंघोळ केली असती तर त्याचा अर्थ एवढाच झाला असता की मिस क्लार्क बोर्डिंगातली ती पोरं, म्हणजे आपले पणजोबा, घाण आहेत. ते कबूल करायला तो तयार नव्हता. ज्यांच्यासाठी तो अडून बसला त्यांच्यापैकी एकही जण तिथे बघायला नव्हता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांना तर बहुधा ही गोष्ट कळलीही नसेल.

लठ्ठे साहेबांनाही आम्ही खलपुरुष ठरवत नाही. ते स्वतः सुधारक होते, मनातून त्यांना हा सोवळ्याचा प्रकार पटत असेलच असं नाही. पण बोर्डिंग समाजाच्या देणग्यांवर चालत होतं, नियम समाजाचा होता, आणि एका मुलासाठी नियम मोडला तर उद्या देणगीदार काय म्हणतील हा प्रश्न होता. व्यवस्था सांभाळणाऱ्या चांगल्या माणसाचं असंच होतं. तो वाईट नसतो, पण शेवटी नियमाच्या बाजूनं उभा राहतो. आपल्या मंडळांत आणि समित्यांतही हे घडताना आम्ही पाहिलं आहे, आणि कधी कधी आम्ही स्वतःच तसे वागलो आहोत.

भाऊराव पाटलांना बोर्डिंगातून काढून टाकलं. वळकटी उचलून ते बाहेर पडले. शाहू महाराजांनी त्यांना राजवाड्यावर ठेवून घेतलं. राजवाड्यातल्या दिवसांत त्यांनी महाराज कसे वागतात, कुणाला जवळ करतात, कुणाच्या हातचं घेतात, हे जवळून पाहिलं. शाळेचं प्रगतिपुस्तक कोरंच राहिलं, पण खरी शाळा तीच झाली असं म्हणायला पाहिजे.

शाळा सुटली, तरी खोड सुटली नाही. इस्लामपूरला एकदा त्यांनी पाहिलं की शाळेत वर्ग चालू आहे आणि एक मुलगा दाराबाहेर बसून आतलं ऐकतो आहे. चौकशी केली तर मुलगा आपल्या समाजाचा, म्हणून त्याला आत बसायची बंदी. भाऊरावांनी त्या मुलाला उचललं, कोल्हापूरला आणलं आणि मिस क्लार्क बोर्डिंगात दाखल केलं. ज्या बोर्डिंगाच्या पायी स्वतःला बाहेर पडावं लागलं होतं, त्याच बोर्डिंगात. त्या मुलाचं नाव ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप. हे नाव कानावरून गेल्यासारखं वाटेल. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी मूकनायक पत्र सुरू केलं, आणि त्याच वर्षी ते पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला गेले. त्यांच्या पाठीमागे मूकनायकाची जबाबदारी ज्यांच्यावर आली, जे त्याचे संपादक झाले, ते हेच घोलप. पुढे ते मुंबईच्या कायदेमंडळातही सभासद म्हणून बसले. वर्गाच्या दाराबाहेर बसलेला मुलगा कायदेमंडळाच्या दाराच्या आत! पुढे मूकनायक बंद पडलं, त्याबद्दल मतभेद झाले, तो सगळा इतिहास वेगळा आहे. आम्हाला इथे एवढंच दाखवायचं आहे की त्या न केलेल्या आंघोळीचा धागा कुठवर जाऊन पोचला.

आता मधली वर्षं थोडक्यात सांगतो. भाऊरावांचं लग्न झालं, नोकरीचा पत्ता नव्हता. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या सुरू केल्या आणि नापास झालेला हा विद्यार्थी पाटील मास्तर म्हणून ओळखला जाऊ लागला. १९१० मध्ये दुधगाव इथे सहकाऱ्यांबरोबर त्यांनी विद्यार्थी आश्रम काढला, त्यात सगळ्या जातींची मुलं ठेवली. पुढे ओगल्यांच्या काचकारखान्याचे आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते म्हणून खेडोपाडी हिंडले. नांगर विकता विकता खेड्यातल्या शेतकऱ्याच्या घरात किती अंधार आहे हे त्यांनी जितकं पाहिलं तितकं कुठल्या पुढाऱ्यानं क्वचितच पाहिलं असेल.

पण एक प्रसंग थोडक्यात सांगून चालणार नाही, कारण तो बोर्डिंगाच्या गोष्टीचा दुसरा भाग आहे. १९१४ साली कोल्हापुरात बादशहा सातवा एडवर्ड आणि राणी यांच्या पुतळ्यांना कुणीतरी डांबर फासलं. इंग्रजाचं राज्य, मोठा गहजब झाला. संशय ज्यांच्यावर घेतला गेला त्यांत अण्णासाहेब लठ्ठे होते. तोपर्यंत महाराजांचं आणि लठ्ठ्यांचं बिनसलं होतं. लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष द्यायला माणूस पाहिजे होता, आणि संस्थानच्या पोलिसांना सोयीचा माणूस सापडला तो भाऊराव पाटील. याला त्या लठ्ठ्यांनीच बोर्डिंगातून हाकललेलं, म्हणजे मनात डूख असणारच, असा कुणाचा हिशेब असेल तर तो साफ चुकला. भाऊरावांनी खोटी साक्ष द्यायला नकार दिला. त्यांना कोठडीत टाकलं, मारहाण झाली, हाल हाल केले. त्यांनी तोंडातून एक खोटा शब्द काढला नाही.

हे सगळं शाहू महाराजांच्या संस्थानात घडलं, ही गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. महाराज आपले दैवत आहेत, पण दैवताच्या राज्यातही शिपाई शिपायासारखाच वागतो. भाऊराव मात्र या दोन्ही माणसांशी सारखेच वागले. लठ्ठ्यांनी घराबाहेर काढलं तरी त्यांच्यावर खोटं बालंट येऊ दिलं नाही. आणि महाराजांच्या तुरुंगात मार खाऊनही, महाराज १९२२ साली गेल्यावर आपल्या बोर्डिंगाला नाव दिलं ते त्यांचंच. आपल्यात दोन कार्यकर्त्यांचं वर्गणीवरून बिनसलं तर एकमेकांच्या मयताला जात नाहीत. असो.

सत्यशोधक समाजाच्या वळणात भाऊराव तयार झालेलेच होते. कराड तालुक्यातल्या काले गावी सत्यशोधकांची परिषद भरली, आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, तिथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. पाच वर्षांनी, १९२४ मध्ये, संस्थेचं ठाणं साताऱ्याला आलं आणि तिथे भाऊरावांनी बोर्डिंग सुरू केलं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, जो शिकायला येईल तो सगळ्यांबरोबर एकाच छपराखाली राहील आणि एकाच पंगतीत जेवेल, असा तिथला नियम. शाहू महाराजांना कोल्हापुरात जे एकत्र बोर्डिंग जमवता आलं नव्हतं, ते त्यांच्या राजवाड्यात आसरा घेतलेल्या पोरानं साताऱ्यात जमवलं.

हे बोलायला सोपं. चालवायचं कसं? मुलं पाचपन्नास, भूक तरण्या पोरांची, आणि सरकारी मदतीचा भरवसा नाही. इथे लक्ष्मीबाईंचं नाव घ्यायलाच पाहिजे. त्या कर्मठ जैन घरातून आलेल्या. आपल्या चुलीपाशी महारामांगाची पोरं येणार हे त्यांना पहिल्यांदा मुळीच सहन झालं नाही, आणि त्यात नवल काही नाही, वाढल्याच त्या तशा होत्या. पण पोरं आजारी पडायची, आईच्या आठवणीनं रात्री रडायची, आणि रडणाऱ्या पोराची जात कुठली हे बघत बसायला आईला वेळ नसतो. हळूहळू त्या सगळ्यांच्याच आई झाल्या. बोर्डिंगात धान्य संपलं म्हणून त्यांनी अंगावरचा एकेक डाग मोडायला दिला. शेवटी गळ्यातलं मंगळसूत्रही विकलं. सवाष्ण बाईनं मंगळसूत्र विकायचं म्हणजे काय, हे आपल्या आया-बहिणींनीच समजून घ्यावं. १९३० मध्ये लक्ष्मीबाई वारल्या. संस्थेतले लोक त्यांना रयतमाउली म्हणतात ते उगीच नाही. भाऊरावांना तर पहिल्यापासून पटलेलंच होतं. या माउलीनं स्वतःला पटवून घेतलं, आणि ते जास्त अवघड होतं असं आमचं मत आहे.

पुढे हे बोर्डिंग साताऱ्याच्या धनिणीच्या बागेत गेलं. पोरं स्वतः दळायची, स्वतः भाकऱ्या थापायची, सरपण आणायची, बागेत राबायची, कपडे धुवायची आणि अभ्यास करायची. गावोगावच्या बायका दळणाच्या वेळी मूठभर धान्य बोर्डिंगासाठी बाजूला काढून ठेवायच्या, त्याला मुष्टिफंड म्हणत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगाचं श्री छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं.

गांधीजींचं नाव आलं, तेव्हा आमच्या त्या तरुण कार्यकर्त्याचा उरलेला प्रश्न इथेच घेऊ. भाऊरावांची गांधीजींवर श्रद्धा होती, हे खरंच आहे. १९३२ साली पुणे करार झाला, त्याची आठवण म्हणून त्यांनी पुण्यात युनियन बोर्डिंग काढलं. पुणे कराराची आठवण आपल्याला कशी आहे ते सांगायला नको. येरवड्यात बाबासाहेबांवर काय दडपण आलं, काय सोडावं लागलं, ते आपण विसरू शकत नाही, विसरूही नये. त्या कराराचा आनंद मानणाऱ्याशी या एका बाबतीत आपलं जमणार नाही. पण आनंद मानून बाकीचे घरी गेले आणि भाऊरावांनी पोरांना जेवायला घालणारी जागा काढली. त्या जागेत आपलीही पोरं जेवली आणि शिकली. हे दोन्ही आम्ही एकाच कागदावर लिहितो. एक लिहिलं म्हणून दुसरं खोडायचं कारण आम्हाला दिसत नाही.

आमच्या वस्तीत सातारा जिल्ह्यातून आलेले एक आजोबा होते, आता ते नाहीत. १९५० नंतरच्या काळात ते लहानपणी काही वर्षं बोर्डिंगात राहिले होते. आम्ही त्यांना अनेकदा विचारायचो की बोर्डिंगातलं काय आठवतं. आम्हाला वाटायचं ते काही मोठं सांगतील, भाषणं, पुढारी, शिक्षक. ते मात्र दर वेळी जात्याचीच गोष्ट सांगायचे. दळायला दोघांची जोडी लागते. त्यांची जोडी एका पाटलाच्या पोराशी लागली होती. पहाटे दोघं समोरासमोर बसायचे, खुंट्याला दोघांचे हात एकावर एक. पहिल्या दिवशी आजोबांनी घाबरून हात खाली सरकवला, की त्याला आपला हात लागू नये. तर ते पोरगं वैतागलं, कारण असं एकट्यानं जातं ओढलं जात नाही. त्यानं यांचा हात धरून वर ठेवला आणि दळायला लागला. एवढीच गोष्ट. पण हे सांगताना ऐंशीच्या घरातले आजोबा आपला उजवा हात पुढे करून दाखवायचे, कुठे धरला होता ते.

पुढचा पसारा सगळ्यांना ठाऊक आहे. १९४० मध्ये साताऱ्यात सयाजीराव महाराजांच्या नावानं मोफत आणि राहण्याची सोय असलेलं हायस्कूल निघालं. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तिथे मुलांनी काम करावं, त्यातून कमवावं आणि शिकावं ही पद्धत चालू झाली. कऱ्हाडला १९५४ मध्ये गाडगे महाराजांच्या नावानं कॉलेज झालं. नाव द्यायला त्यांनी राजाही घेतला आणि खराटा घेऊन गावं झाडणारा फकीरही घेतला. स्वतःचं नाव मात्र त्यांनी यातल्या कशाला दिलं नाही. खेड्याखेड्यातून शाळा निघाल्या, शंभरावर हायस्कुलं झाली. मुलं त्यांना अण्णा म्हणायची.

१९५९ च्या जानेवारीत सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं. त्याच वर्षी ५ एप्रिलला पुणे विद्यापीठानं डी. लिट. ही सन्मानाची पदवी दिली. इंग्रजी सहावीला अडलेला, ज्याच्याऐवजी बाक वर न्यायची तयारी होती, तो विद्यार्थी डॉक्टर झाला. कुलकर्णी मास्तरांना हे कळलं असतं तर ते काय म्हणाले असते असं आमच्या मनात येतं. आम्हाला वाटतं, तरीही त्यांनी गणिताचे मार्क वाढवले नसते.

तेव्हा अण्णांची तब्येत पार ढासळली होती. ९ मे १९५९ रोजी पुण्याला ससून रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. त्यांना साताऱ्याला आणलं, आणि त्यांची समाधी तिथेच आहे.